शत्रूंसाठीची ओळ

तिला कुणी शांततावादी म्हटलं असतं, तर हातातली सुरी खाली न ठेवताच तिने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. गावात तिला सुरीबाई म्हणत. नवरा गेल्यावर मटणाचं दुकान तिने एकटीने चालवलं. संगमरवरी फळी, मधोमध खोलगट झालेला लाकडी ठोकळा, छताला मांस लटकवायच्या आकड्यांची रांग, आणि गल्ल्याच्या वर तोफखान्यात असलेल्या मुलाचा गणवेशातला फोटो. मत कायम जुन्या, परंपरा मानणाऱ्या पक्षाला. गावच्या ख्रिस्ती देवळात बाकं काढून खुर्च्या आणायचं निघालं तेव्हा ती विरोधात, गिटार आणायचं निघालं तेव्हाही विरोधात. लढाई सुरू झाली तेव्हा म्हणाली, "करावी लागते तेव्हा करावी. रडत बसू नये."

नवऱ्यामागे रविवारच्या उपासनेतल्या प्रार्थना वाचायचं कामही तिच्याकडे आलं होतं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. मागच्या बाकावरचा बहिरा सुतारसुद्धा म्हणायचा, "हिचं मला ऐकू येतं." आठवडाभर हाडं तोडणाऱ्या बाईला ते एक काम मनापासून प्रिय होतं. ते जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग एका शनिवारी पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष दुकानात आला. तोच देवळाच्या पंचांचाही प्रमुख होता आणि तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त.

"वहिनी, पाव किलो कलेजी. आणि एक बोलायचं होतं."

"कलेजी ताजी आहे. बोलणं कसं आहे ते बघू."

"ती शत्रूंची ओळ. लढाई संपेपर्यंत गाळून टाका. लोकांना खटकते."

ओळ अशी होती: 'आमच्या शत्रूंवर दया कर, त्यांची मनं वळव, आणि त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्यांना धीर दे.' प्रार्थनापुस्तकात ती कधीपासून होती, कुणाला ठाऊक.

"कुठल्या लोकांना खटकते?"

"शाखेच्या बैठकीत विषय निघाला."

"देवळातली प्रार्थना शाखेच्या बैठकीत? मग शाखेची वर्गणी उद्या उपासनेत गोळा करू का, भाऊजी?"

अध्यक्ष हसला नाही. "तुमचा पोरगा तिकडे आहे वहिनी. तुम्हाला तरी कळायला हवं."

तिने कलेजी तागडीत टाकली. "पोरगा जिंकून यावा म्हणून मी रोज मागणं मागते. देवाला कान आहेत, त्याला दोन्ही ऐकू येतं. गिटारवाले आले तेव्हा 'पुस्तकाच्या एका शब्दाला हात लावू देणार नाही' असं भाषण कुणी ठोकलं होतं?"

"मीच. पण ते दिवस वेगळे होते."

"वेगळे म्हणजे? शत्रूच नव्हते तेव्हा! शत्रू नसताना शत्रूंसाठी प्रार्थना करायला कुणाचं काय जातंय? ती ओळ लिहिलीय ती याच दिवसांसाठी. जुनं जपणारे म्हणवता आणि जड जायला लागलं की पहिली कात्री तुमचीच!"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी युद्धविरोधी मंडळाच्या एक बाई गळ्यात बिल्ला घालून आल्या. मोर्चात चला म्हणाल्या. "तुम्ही माझ्या मुलाला खुनी म्हणता," सुरीबाई म्हणाली, "आणि मी त्याला लोकरीचे मोजे पाठवते. आपलं कसं जमायचं? बाई, काही घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर दारातून बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय." बाई शाकाहारी निघाल्या.

घरी तर सूनबाईच फुरंगटून बसलेली. "आई, त्यांच्या तोफा ह्यांच्यावर रोखलेल्या आहेत. आणि तुम्ही त्यांच्या आयांना धीर मागणार?"

"हो."

"मला नाही जमत."

"मला तरी कुठे जमतं? म्हणून तर पुस्तकात बघून वाचते."

रविवारी उपासनेआधी तरुण पाळकाने तिला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. झग्याची बटणं लावत तो म्हणाला, "पंचांचं म्हणणं पडलं, की..."

"पंचांचं मला कळलंय. तुमचं सांगा. तुम्ही पाळक आहात. 'वाचू नका' असा हुकूम करा, मी नाही वाचणार. मी हुकूम मानणारी बाई आहे."

पाळकाचं एक बटण काही केल्या लागेना.

"करा ना हुकूम."

तो बटणाशीच झटत राहिला. तिने पुस्तक उचललं आणि बाहेर गेली.

राष्ट्रासाठी वाचलं, सैनिकांसाठी वाचलं. मुलाच्या पलटणीचं नाव घेतलं. मग ती शत्रूंच्या ओळीवर आली. अध्यक्ष उठला. त्याच्यामागे आणखी काही उठले, बाकं करकरली, बूट वाजले. तिने आवाज चढवला, बाजारात चढवतात तसा. ओळ पुरी झाली तेव्हा निम्मं देऊळ रिकामं होतं. सूनबाई जागेवर होती, पण ओठ मिटून.

त्या आठवड्यात आकड्यांवरचं मांस तसंच लटकून राहिलं. पंचांनी वाचन तिच्याकडून काढून घेतलं. निरोप घेऊन पाळकच आला, मान खाली घालून. "मी शेवटपर्यंत याच पक्षाला मत देणार," ती सुनेला म्हणाली, "पक्ष माझ्या बापाचा आहे, हे पुढारी आत्ता आलेत."

पुढच्या रविवारी वाचायला खुद्द अध्यक्ष उभा राहिला. नवा कोट, घसा खाकरणं, सगळं यथासांग. सैनिकांची प्रार्थना झाली आणि त्याने घाईघाईने पान उलटून आजाऱ्यांची सुरू केली.

सुरीबाई बाकावरून उठली. पुस्तक घरीच होतं. "आमच्या शत्रूंवर दया कर," तिने सुरू केलं.

अध्यक्षाने आजारी लोक मोठ्याने वाचले. तिने शत्रू त्याहून मोठ्याने म्हटले. दोन आवाज एकमेकांत असे गुंतले, की कुणाला बरं करायचं आणि कुणाला वळवायचं, देवालाच माहीत. बहिऱ्या सुतारापर्यंत मात्र एकच पोचत होता. कुणीतरी "बसा हो!" म्हणून ओरडलं. ती बसली नाही. वाट पाहणाऱ्यांवर आली तेव्हा ती अडखळली. थांबली, पदराने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी अध्यक्षाचाच श्वास संपला. पुस्तक छातीशी धरून तो तिचं संपायची वाट बघत राहिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही. आमेन राहिलंय."

"ते म्हणा आणि बसा."

"वाचणाऱ्याने आमेन म्हणायचं असतं, भाऊजी. वाचणारे आता तुम्ही."

पाळक वेदीपाशी उभा होता, पण अध्यक्षाने वळून पाहिलं तेव्हा त्याने मदत केली नाही. सुरीबाई पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती.


"आमेन," अध्यक्ष पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मागून सुतार म्हणाला.