भागीआत्यांकडे जेवून गेलेली पाहुणी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'अमक्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली' असा मेसेज टाकला, की "फोटो आहे का?" असं विचारणारी मी. माझ्या नणंदा मला "पुराव्याची वहिनी" म्हणतात. आता मीच असलं काही लिहायला बसलेय, आणि माझ्याकडे फोटो नाही. तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसा.

मी मेघना, राहणार महाड. पुरात आमचं तळमजल्यावरचं घर गेलं, तेव्हापासून आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मिस्टर, म्हणजे सुधीर, एमआयडीसीत कामाला आहेत. मी आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, आता घरूनच काम करते. कुणाला सांगितलं तर पटकन कळत नाही, म्हणून जरा नीट सांगते — परदेशात लोकांना आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचा शोध घ्यायची फार हौस असते. एक कंपनी आहे, ती जुन्या चर्चच्या वह्यांचे स्कॅन पाठवते. जन्म, लग्न, मृत्यू... दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर, शाई पसरलेली, मध्येच लॅटिन. ते वाचून टाईप करायचं. माझ्याकडे आयर्लंडच्या वह्या यायच्या. महाडच्या दोन खोल्यांत बसून मी आयर्लंडच्या खेड्यांतली बारशी लावत होते म्हणा ना.

काम बरं जमायला लागलं, तेव्हा कंपनीने मला थेट एक ग्राहक जोडून दिला. डेनिस, कॅनडातला, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त बस ड्रायव्हर. दर आठवड्याला व्हिडीओ कॉल. "मेगना" म्हणायचा. मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं. आयर्लंडात बटाट्याचा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्याची खापरपणजी ब्रिजेट, दहा-अकरा वर्षांची पोर, गावातल्या दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर जहाजात बसून कॅनडाला आली. आईबाप आधीच वारले होते. थोरली बहीण होनोरा मागे राहिली. का राहिली, तिचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. ब्रिजेट म्हातारी होऊन गेली, पण तिने घरात एक रीत घालून दिली. नाताळच्या जेवणाआधी कुणीतरी एकाने म्हणायचं, "मागे राहिली तिलाही मिळो." डेनिसच्या नातवंडांपर्यंत सगळे म्हणतात.

"ती उपाशी मेली असेल तर तसं सांग," तो मला म्हणाला होता. "पण मी आहे तोवर कळू दे."

मी पाच महिने शोधलं. त्यांच्या गावची वही, शेजारच्या गावांच्या वह्या, गरिबांना ठेवायचे त्या सरकारी घरांच्या याद्या. होनोरा डर्किन कुठेही नाही. दुष्काळाच्या वर्षांत तर वह्याच कोऱ्या पडल्यात. लिहिणारे फादरही आजारी, नाहीतर गेलेले. मी शेवटी 'नोंद सापडत नाही' असा रिपोर्ट लिहायला घेतला होता.

त्याच आठवड्यात भागीआत्या आल्या. या सुधीरच्या आत्या. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी पोलादपूर तालुक्यात त्यांची वाडी आहे. बावीस घरांपैकी आता सात उघडी, बाकीच्यांचं बिऱ्हाड मुंबईत. आत्यांचे गुडघे धरले होते, म्हणून महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडायला दहा दिवस आमच्याकडे राहायचं ठरलं. एक दिवसाआड सुधीर त्यांना सवला घेऊन जायचे. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. सही म्हणून अंगठा.

"दिवसभर त्या खोलीत काय करतेस गो?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"लोकांची जुनी माणसं शोधते. कॅनडात एक म्हातारे आहेत, त्यांच्या घरातलं एक माणूस हरवलंय."

"कधी हरवलं?"

"पावणेदोनशे वर्षं झाली असतील."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग आता कशाला घाई करतेस? जेवून घे."

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं. आत्यांना मी यापेक्षा जास्त काही सांगितलं नव्हतं. बहिणी, जहाज, बटाटे... काही नाही. डेनिसशी बोलायचे ते इंग्रजीत, दार लावून.

सवला न जाण्याचा मोकळा दिवस होता, बुधवार. दुपारी दोन ते तीन माझी कंपनीची मीटिंग होती. मी हेडफोन लावून आतल्या खोलीत. सकाळी बटाट्याची भाजी केली होती, तिघांना दोन वेळ पुरेल अशी. मध्ये एकदा हेडफोन काढला, तर हॉलमधून आत्यांचा आवाज येत होता. थोडं बोलायच्या, थांबायच्या, परत बोलायच्या. मला वाटलं, फोनवर आहेत.

सव्वातीनला बाहेर आले. आत्या मोरीत ताटं घासत होत्या. दोन ताटं.

"कोण आलं होतं?"

"बाई आली व्हती एक. दारात उभी. चेहरा बघून मी म्हटलं, जेवलेली नाय ही. बसवली."

"कोणती बाई? सोसायटीतली?"

"नाय गो. उंच, वाळकी. पायात काय नाय. डोक्यावरून घोंगडीसारखं काय घेतलेलं. केस मक्याच्या कणसाला असतात तसे, आणि तोंडभर तीळ. मला वाटलं घाटावरची असंल."

मला आत्यांचा राग आला, खरं सांगते. दार उघडं टाकून अनोळखी बाईला घरात घेतलं! पण आत्या ताट पुसत मजेत सांगत होत्या.

"भाकरी वाढली, भाजी वाढली. तर भाजी खाईना. बटाट्याची फोड उचलली आणि आधी नाकाशी धरली. वास घेतला. मग दुसरी उचलली, तिचापण वास. मी म्हटलं, बाई, सकाळची हाय, नासलेली नाय. मग हसली आणि जी खायला बसली... टोप पुसून खाल्लान."

मी टोप बघितला. रिकामा. आत्या स्वतः अर्धी भाकरी खातात.

"नाव काय म्हणाली?"

"तेच तर! मी नाव विचारलं, तर म्हणते नवरा. मी म्हटलं, नवऱ्याचं नाय विचारत, तुझं सांग. परत तेच. नवरा, नवरा. म्हटलं राहू दे."

आत्या हसायला लागल्या. मीही हसले. कळलं नव्हतं ना अजून.

"जाताना तुझ्या खोलीकडं बोट केलान. म्हणे, धाकटीला निरोप सांगा. मी मामाकडं व्हते. डोंगर वलांडून गेले, तीन दिस चालले. मामानं ठेवून घेतलान. लगीन झालं, पोरंबाळं झाली. माझं बरं झालं म्हणे."

"कुणाची धाकटी?"

"ते मी काय विचारलं नाय. तुझ्या कामातलं हाय म्हणाली."

मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. दुपारपासून कुणी बाहेरचं आलं नाही म्हणाला. समोरच्या जाधववहिनी दार उघडं ठेवून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आत्यांना एकट्याच बोलताना ऐकलं. "वय झालंय त्यांचं," असं हळूच म्हणाल्या. संध्याकाळी सुधीरने भाजी मागितली आणि रिकामा टोप बघून आत्यांनाच चिडवलं, "तुम्हीच संपवलीत आणि बिल पाहुणीच्या नावावर." आत्या म्हणाल्या, "असंल बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आत्या शेजारीच होत्या, कुणाशी तरी फोनवर तोच किस्सा सांगत. "नवरा, नवरा म्हणते..."

चहा ओट्यावर सांडला. होनोरा हे झालं कागदावरचं नाव. आयर्लंडच्या खेड्यात होनोराला घरात काय म्हणतात, हे मी शंभर वेळा टाईप केलेलं आहे.

नोरा.

मी स्वतःला समजावलं. आत्यांनी दाराआडून माझ्या तोंडी होनोरा ऐकलं असेल. मनात राहिलं असेल. ठीक. पण बटाट्याचा वास? तिकडे त्या वर्षी बटाट्यावर रोग पडला, तेव्हा शेतं एका रात्रीत काळी पडली, आणि लोकांना आधी कळलं ते वासावरून. कुजका वास. हे मी वाचलेलं. आत्यांना कोण सांगणार?

आणि मामा... मामाचा विचार मी पाच महिन्यांत केला नव्हता. बापाचं गाव, बापाचं आडनाव एवढंच धरून बसले होते. आई कुठली, हे शोधलंच नव्हतं.

ब्रिजेटच्या बारशाची नोंद उघडली. आईचं माहेरचं आडनाव होतं गॅलाघर. त्यांच्या मेयो जिल्ह्यात हे आडनाव ढिगाने. पण नकाशा काढला, त्यांच्या गावामागचा डोंगर बघितला आणि पलीकडच्या वह्या एकेक करून उघडायला लागले. रिपोर्ट लांबवला. कंपनीला कारण दिलं, डोळे दुखतात.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सापडली. लग्नाची नोंद. वधू होनोरा डर्किन. साक्षीदार मायकेल गॅलाघर, आणि त्याच्या नावापुढे फादरनी बारीक अक्षरात लिहिलेलं: 'भाची, याच्याच घरी राहते.'

पुढचं पान, त्याच्या पुढचं पान... मुलगा, मुलगा, आणि मग मुलगी. मुलीचं नाव ब्रिजेट.

मी मोठ्याने रडले. आत्या गुडघे धरत आल्या. "काय गो, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, आत्या. जगली ती."

"मग बाई सांगून गेली ना तसं," म्हणाल्या, आणि परत पोळ्या लाटायला गेल्या.

डेनिसला मी ठरलेल्या कॉलपर्यंत थांबवलं नाही. त्याच दिवशी कॉल लावला. ऐकल्यावर त्याने बायकोला हाक मारली आणि तिला नीट सांगताच येईना त्याला. मी सांगितलं.

तिथून पुढे सोपं होतं. नोंदी मिळत गेल्या, आणि होनोराच्या वंशातली एक मेव्ह नावाची शिक्षिका सापडली, अजून त्याच डोंगराखाली राहणारी. महिन्याभराने तिघांचा कॉल ठरला. डेनिसचं घर, मेव्हचं घर आणि आमचं. आत्या तेव्हा परत सवसाठी आलेल्या होत्या, त्याही कडेला बसल्या, पदर नीट करून. डेनिस आणि मेव्हचे कान सारखे आहेत, हे आधी आत्यांनी ओळखलं.

बोलता बोलता मेव्ह म्हणाली, "आमच्याकडे कागद काही नाही. फक्त एक गोष्ट सांगतात. आमची मूळ बाई दुष्काळात डोंगर ओलांडून आली. तीन दिवस चालत."

तीन दिवस ही गोष्ट कुठल्याही वहीत नाही. मी आत्यांना मराठीत सांगितलं. आत्या म्हणाल्या, "मी काय वेगळं सांगितलं व्हतं?"

मग मी सगळं सांगितलं. कंपनीला कळलं तर कळलं म्हटलं. डेनिसने हसण्यावारी नेलं नाही. त्याने एकच विचारलं, "पोटभर खाल्लं का तिने?"

"टोप पुसून," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मग आम्ही सगळेच हसलो, आत्यांसकट, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला होता, आणि तो विचारायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. आत्यांच्या वाडीत रेंज नाही, त्या वरच्या शाळेपाशी येऊन बोलतात. परवा फोन आला तेव्हा विचारलं.

"आत्या, ती बाई बोलत कशात होती? मराठीत?"

"बोलत व्हती एवढं नक्की," आत्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं, मी आयकलं. पण तू विचारतेस तर... तिचा आवाज काय आठवत नाय गो मला."

कंपनीच्या फॉर्ममध्ये 'नोंद कशी सापडली' असा रकाना असतो. त्यात मी 'आईकडच्या नातेवाइकांचा शोध घेतला' असं लिहिलंय. खोटं नाही ते. पण आईकडून शोध घे हे मला सुचवलं कुणी, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आत्यांना भास झाला म्हणावं, तर भासाला तीन दिवस कसे माहीत? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा. पुराव्याची वहिनी ऐकायला तयार आहे.

फोन ठेवण्याआधी आत्यांनी विचारलं, "तुझ्या त्या कामात अजून कुणाचं माणूस अडलंय काय गो?"

एक अडलंय खरं. गेल्या आठवड्यात आलेली फाईल, दोन भाऊ, एकाचा पत्ता नाही.

"आहे एक," मी म्हणाले.

"मग येते मी सोमवारी. गुडघेपण दुखतायत. आणि जरा भाकऱ्या जास्त टाक, यावेळी पुरुषमाणूस हाय."