नॉर्वेच्या मंत्र्यांचा परिचय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण फजिती माझीच आहे. फक्त पुण्याला सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांच्या मते मी इथे तोक्योत फार मोठ्या हुद्द्यावर आहे.

हुद्दा कसला डोंबलाचा? इथल्या कोतो भागातली एक छोटी कंपनी, नॉर्वेहून मासे मागवणारी. घरात अंडं शिजत नाही आणि सूनबाई दिवसभर माशांच्या याद्या करतात. नवरा आयटीत. हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं पोळ्या लाटल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी, तीही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आमच्याकडे प्रोबेशनवाल्यांना स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड देत नाहीत. कार्ड हातात पडलं की समजायचं, कायम झालो. मला ते कार्ड इतकं हवं होतं की विचारू नका.

सहावा महिना संपत आला आणि नॉर्वेचे मंत्री आमचं कोल्ड स्टोरेज बघायला येणार असं ठरलं. आमचे साहेब सातो-सान म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या."

परिचय म्हटल्यावर मी सोडते होय? फाइलमध्ये चारच ओळी होत्या. पुराणमतवादी पक्ष, गावचे नगराध्यक्ष, मग खासदार, मग मत्स्यव्यवसाय मंत्री, आता व्यापारमंत्री. त्याची मी तीन पानं केली. धडाडीचे, कर्तव्यदक्ष, जनतेच्या गळ्यातले ताईत. पुराणमतवादी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आमचे सोवळ्यातले काका यायचे, पण तेवढं गाळलं. फोटो होता तो नगराध्यक्ष असतानाचा, भरघोस केसांचा.

शुक्रवारी कार्यक्रमाच्या तासभर आधी मी हॉलमध्ये एकटीच खुर्च्या मांडत होते. तेवढ्यात एक टकले गृहस्थ आले. पाठीवर सॅक, पायात स्पोर्ट्स शूज. स्टेशनवरून चालत आले म्हणे. जपानी पद्धतीनं वाकून, दोन्ही हातांनी त्यांनी मला कार्ड दिलं. ते दोन्ही हातांनी घ्यायचं, नीट वाचायचं, ही इथली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी एका हातानं घेतलं आणि न बघताच पर्समध्ये टाकलं. असेल दूतावासातला कोणीतरी. मंत्री कधी एकटा चालत येतो का? आणि वेळेआधी?

"बरं झालं आलात," मी म्हटलं. "त्या कोपऱ्यातल्या खुर्च्या जरा इकडे घ्या ना."

"घेतो की," म्हणाले, आणि खरंच चाळीस खुर्च्या लावल्या. रांग वाकडी झाली म्हणून मी पुढची परत लावायला लावली.

"आता बसा. माझा परिचय ऐका आणि कसा वाटतो ते खरं सांगा."

दुसऱ्या पानावरच ते लाजून लाल झाले. "जनतेचे एवढे लाडके? पहिल्या निवडणुकीत पडले होते ते."

"असलं परिचयात सांगायचं नसतं हो. आणि तुमच्या-माझ्यात सांगते, मासे काढून व्यापार दिला म्हणजे मासे जमले नसणार. आमच्याकडे असंच करतात."

"साधारण तसंच झालं," ते म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले.

दार उघडलं. सातो-सान आणि मागे सहा सुटाबुटातले लोक. सातो-सान कमरेत वाकले. "मंत्रिमहोदय, आपण आधीच आलात?"

कार्यक्रमात तीन पानं मी कशी वाचली, देव जाणे. मंत्री उठले आणि म्हणाले, "परिचय जरा मोठा झाला. खरा एवढाच, मासे मला जमले नाहीत, पण खुर्च्या चांगल्या मांडतो." सगळा हॉल हसला. सातो-सान तेवढे हसले नाहीत.

संध्याकाळी सातो-साननी एक छोटा डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. निरोपाची मिठाई असणार. मी तोंडही वर न करता पर्समध्ये टाकला आणि पळाले.

दोन दिवस रडून काढले. नवरा म्हणाला, "अगं, दुसरी मिळेल." सोमवारी मी राजीनामा नेऊन दिला. सातो-साननी तो दोन्ही हातांनी घेतला, अगदी सावकाश वाचला.

"शुक्रवारचा डबा उघडलात का?"

पर्समधून काढून तिथेच उघडला. शंभर कार्डं, प्रत्येकावर माझं नाव. आठवडाभर आधीच छापून आली होती.

सातो-साननी राजीनामा दोन्ही हातांनी मला परत दिला आणि समोर उभे राहिले. मीही दोन्ही हातांनी घेतला. आणि शहाणी झाले होते ना, म्हणून अख्ख्या ऑफिससमोर माझाच राजीनामा पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नीट वाचत उभी राहिले.