पंजाबरावांचा डबा

अमडापूरच्या पंजाबरावांचा जन्म राखणीत गेला. मळ्यात रोही, डुकरं शिरली की पत्र्याचा डबा बडवून ते त्यांना हाकलत. गावच्या फुटबॉल टीमच्या नव्या कोच योगिनीताई बचावाच्या पोरांनाही हल्ल्याला पिटाळू लागल्या, तेव्हा पंजाबरावांचं डोकंच फिरलं. "कुंपण मोडून राखण करते का कोणी?" म्हणत ते डबा घेऊन मैदानावर जाऊ लागले. पुतण्या दीपक बचाव सोडून पुढे सरकला की डबा वाजे आणि तो निमूट मागे फिरे.

पण टीम गोल खाई त्याहून जास्त करी. सगळं गाव ताईंच्या बाजूला गेलं, बायको कोकिळाबाईसुद्धा. "घरातच फितुरी!" पंजाबराव करवादले, पण मॅच काही चुकवेनात.

देऊळगाव राजाच्या टीमविरुद्ध शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. बॉल दीपकच्या पायात, पुढे गोल मोकळा. पंजाबराव ताडकन उठले. "जाय बे पुढं!" ओरडत त्यांनी जोशात डबा बडवला.

गलक्यात दीपकला फक्त डबा ऐकू आला. तो बॉल सोडून मागे पळाला.

"काऊन फिरला बे, गाढवा!"

"तुमचंच तर ऐकून राह्यला तो," म्हणत कोकिळाबाईंनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.