नीरजा खांबेटे आणि टॅबचं बटण

पॅथॉलॉजी लॅबचा चालू सर्व्हर मी सकाळी अकरा वाजता, ऐन गर्दीच्या वेळी बंद पाडला आणि नीरजा खांबेटेशी माझी खरी ओळख झाली. त्याआधी आठ वर्षं आम्ही एकाच ऑफिसात होतो, पण ती ओळख नमस्कारापुरती.

ठाण्यात वागळे इस्टेटला आमची कंपनी. लहान इस्पितळांचे आणि लॅबचे कॉम्प्युटर ऑफिसात बसून सांभाळायचे, हा धंदा. नीरजा ते सांभाळायची आणि मी त्यावर माहितीपुस्तिका लिहायचो. त्या कोणी वाचत नसे, म्हणून माझी नोकरी टिकून होती. त्या दिवशी मी पुस्तिकेसाठी सरावाचा सर्व्हर बंद करून बघत होतो. त्याचं नाव ‘लॅब-१२’. काळ्या पडद्यावर नावाची सुरुवात करायची, टॅबचं बटण दाबायचं, उरलेलं नाव मशीन स्वतः लिहितं. मी एक अक्षर लिहिलं, टॅब दाबलं, ‘लॅब-१’ इतकं उमटलं आणि मशीन थांबलं. ते थांबलं कारण त्या सुरुवातीची नावं दोन होती, लॅब-१ आणि लॅब-१२, आणि कुठलं हवं ते मी सांगायचं होतं. मला वाटलं, झालं पुरं. मी एंटर मारलं. लॅब-१ हा कल्याणच्या एका लॅबचा खराखुरा सर्व्हर. चाळीस पेशंटांचे रिपोर्ट तासभर अडकले. त्यातला एक माणूस ऑपरेशनच्या टेबलावर होता. तो वाचल्याचं मला संध्याकाळी कळलं. तोवर मी चहासुद्धा प्यालो नव्हतो.

नीरजा ओरडली नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाली, “त्र्यंबक, यात बटणाचीही चूक आहे. तू गाढव आहेस, ते वेगळं.”

पुढचे तीन महिने ती त्या बटणामागे लागली. आमच्या प्रत्येक कमांडला टॅबने काय सुचवायचं, कधी सुचवायचं, हे तिने नव्याने लिहून काढलं. ज्या सर्व्हरवर कोणी काम करतंय त्याचं नाव बंद करण्याच्या यादीत येणारच नाही. दोन नावं शक्य असतील तर दोन्ही दाखवायची आणि गप्प राहायचं. आणि ज्या कामातून मागे फिरता येत नाही तिथे टॅब मुका. नाव पूर्ण हाताने लिहायचं.

नव्याने लागलेली शिवानी कुरकुरली, “मॅम, एवढं टाइप करायचं म्हणजे टाइम जातो ना.”

“जाऊ दे,” नीरजा म्हणाली. “तेवढ्यात डोकं येतं जागेवर.”

हे म्हणताना तिच्या जिभेवर ‘जागेवर’ जरा घसरलं. आम्ही हसलो, तीही हसली. महिन्याभराने ‘शिवानी’ घसरायला लागलं. मग डाव्या हातातून डबा पडला. मग तपासण्या, मग परळचे मोठे डॉक्टर, आणि मग एका कागदावर मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो, आधी थोडा, मग अजिबात. यावर औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. ही सोय कोणी आणि कशासाठी केली, हे मला अजून कळलेलं नाही.

बोलणं संथ झालं तशी एक नवीच पीडा सुरू झाली. लोक तिची वाक्यं पुरी करायला लागले. ती “पा...” म्हणायची की तिघं पाण्याला धावायचे. तिला पाय सरळ करून हवा असायचा. मग नको असलेलं पाणी ती घोटघोट प्यायची, कारण नको म्हणायला त्याहून जास्त वेळ लागायचा. यात सगळ्यात पुढे मी. मला शांतता सोसत नाही. तिचं अर्धं वाक्य मी विनोद करून संपवायचो, आणि सगळे हसले की मला वाटायचं, आपण आजाऱ्याची सेवा केली.

तिची नोकरी सुटली. डोंबिवलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, लॅपटॉपवर तोच काळा पडदा उघडून तिने स्वतःसाठी वाक्यांची यादी केली. दोन अक्षरं, टॅब, आणि लॅपटॉप मोठ्याने बोलायचा. ‘पा’ लिहिलं की पाणी, पाय, पाठ खाजव, तिन्ही दिसायची आणि मशीन थांबायचं. घरात थांबणारं तेवढं एकच होतं.

तिचा नवरा सलिल कॉलेजात गणित शिकवतो; मुलगी ऋजुता परगावी असते. भला माणूस. त्याने एकदा तिला न विचारता यादीत तीन वाक्यं घातली: ‘मी बरी आहे’, ‘काळजी करू नकोस’, ‘तू जेवलास का’. नीरजाने पहिली दोन काढून टाकली, तिसरं ठेवलं.

मग श्वास उथळ झाला. डॉक्टर म्हणाले, लवकरच गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावावं लागेल, किंवा लावायचं नाही असं ठरवावं लागेल. गुरुवारपर्यंत सांगा.

रविवारी सलिलचा फोन आला. “त्र्यंबकराव, तुम्ही या. समजवा तिला. तुमचं ऐकते ती.”

तिने माझं ऐकल्याचं एकही उदाहरण मला आठवेना, पण गेलो.

सलिलने पंखा कमी केला, तिच्यासमोर बसला. “नीरजा, आम्ही हो म्हणतोय डॉक्टरांना. ऋजुताही तेच म्हणाली फोनवर. चालेल ना?”

नीरजाने यादी बंद केली आणि कोरं पान उघडलं. आता तिचं एकच बोट चालत होतं, उजव्या हाताचं. ते एकेक बटण शोधत निघालं. म. ल. काना. पाच-सहा मिनिटांनी पडद्यावर दिसलं, ‘मला मशीन’.

“बघा,” सलिल उठलाच. डोळे भरले होते त्याचे. “मी म्हटलं नव्हतं? डॉक्टरांना लावतो फोन.”

“झालं तर मग,” मी म्हणालो.

बोट अजून बटणावरच होतं. ते पुढे सरकलं. सलिल फोन हातात धरून उभा राहिला, आणि त्या घरात बहुधा प्रथमच दोन माणसं काही न बोलता पडद्याकडे बघत राहिली. सगळं लिहून व्हायला वीस मिनिटं लागली असतील.

‘मला मशीन नको. बोट गेल्यावर माझं सगळं तुम्हीच बोलाल. तसं जगायचं नाही.’

सलिल खाली बसला. फोन त्याने उशीखाली सरकवला, जणू तो कुणाला दिसता कामा नये. खाली कुणीतरी टँकरवाल्याला शिव्या देत होतं, ते स्पष्ट ऐकू यायला लागलं. मला अशा वेळी काय करावं ते कळत नाही, म्हणून मी जे नेहमी करतो तेच केलं.

“नीरजा, हे वाक्य यादीत घालून ठेवू का? गुरुवारी डॉक्टर विचारतील, तेव्हा दोन बटणांत होईल.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सलिलकडे, बराच वेळ. मग बोट पुन्हा निघालं.

‘सलिल सांगेल.’