रंगुबाईचं शनिवारचं सारवण

रंगुबाई वाईट बाई नाही, हे आधी लिहून ठेवते. पुढे लिहिताना राहून जाईल.

गावात शाळा आली सन पंचेचाळीसला. इमारत नाही म्हणून ती मारुतीच्या देवळात भरते, आणि मास्तर म्हणजे आमच्या घरचे. रंगुबाई नवऱ्यामागे एकटीने जमीन कसते. सून सुखरूप बाळंत होऊ दे, दर शनिवारी देऊळ सारवीन, असा नवस बोलून बसली. देवाचं काम, नको कसं म्हणू? पण शनिवारी शाळा सकाळची. पोरं यायला आणि ही शेणाचं घमेलं घेऊन दारात उभी राहायला एकच गाठ.

"पोरं गेल्यावर सारव ना," मी कितीदा म्हटलं.

"आन् मारुतीला दुपारपस्तोर पारोसा ठिवू? मास्तरीनबाई, तुमी देवाधर्माच्या असून असं बोलता?"



यंदा माघातल्या एका शनिवारी नगरहून शाळा तपासायला डिपोटी येणार होते. शाळा नीट भरलेली दिसली तर मंजुरी, नाही तर बंद. ह्यांनी आदल्या दिवशी रंगुबाईला हात जोडले, "उद्याचा दिवस थांबा." तिने मान डोलावली. मी देवापुढे साखर ठेवली.

सकाळी पाहतो तो गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत ओलं शेण.

"सायेब येनार म्हून आज दोन हात जास्तीच दिले," रंगुबाई म्हणाली.

हे कपाळाला हात लावून पायरीवर बसले. वळणावर टांगा दिसू लागला होता.

"आता पोरं तुझ्या डोक्यावर बसवू का?" मी म्हटलं.

"डोक्यावर कशापायी? माझ्या खळ्यावर बसवा. कोरडं ठनठनीत हाय."

देवळामागेच तिचं खळं, ज्वारी मळायला तयार केलेलं, मधोमध बैल बांधायचा तिवडा. ह्यांनी तिवड्याला फळा टांगला, भोवती पोरं बसली, पाढे सुरू झाले. मला वाटलं, सुटलो.

डिपोटी बुटांसकट आत येऊ लागले. रंगुबाई आडवी.

"सायेब, पायतान भाईर. खळं हाय."

"बाई, ही शाळा आहे ना?"

"शाळा दुपारपस्तोर. खळ्यावर लक्षुमी यायची हाय. हितं म्या बी पायतान घालीत न्हाई."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पोरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि वाकून नाड्या सोडल्या. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. एकही पोर हसलं नाही, कारण रंगुबाई बघत होती.

मंजुरी मिळाली. जाताना साहेब ह्यांना म्हणाले, "मास्तर, शिस्त चांगली ठेवलीत."

आज पुन्हा शनिवार. रंगुबाई घमेलं घेऊन हजर.

"अगं, आता तरी दुपारी सारव. मंजुरी झाली ना?"

"कुनामुळं झाली?" म्हणाली, आणि पोरांना उठवलं.

खळ्यावर आज बैल फिरताहेत. त्यामुळे पाढे आमच्या ओसरीवर चाललेत, आणि माझी पूजा अजून व्हायची आहे.