चालेल

पन्नाशी उलटली, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी सगळी गल्ली त्याला 'धाकटा'च म्हणायची. थोरला भाऊ शिंपी, आणि त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून धाकटा काजं-बटणं करायचा. लहानपणी तापात पाय गेले ते गेलेच. पण हात असे, की शर्ट फाटेल, याने लावलेलं बटण निघणार नाही. घर दुकानाच्या वर, दोन जिने चढून. दादा रोज सकाळी त्याला पाठीवर घेऊन खाली उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा वर न्यायचा. तळहातावरच्या फोडासारखं जपलं हो दादाने! त्यात तिळमात्र खोटं नाही.

आणि धाकट्याच्या तोंडी एकच शब्द. निळ्या कापडाचा शर्ट शिवू? चालेल. आज जागत बसू नकोस, लवकर झोप. चालेल. ज्याला धड एक पाऊल टाकता येत नाही तो सदान्‌कदा 'चालेल' म्हणतो, ही गंमत त्याच्याही लक्षात आली होती. पण सांगणार कुणाला? पाठीवर बसलेल्याने रस्ता सांगायचा नसतो, एवढं त्याला कुणी न शिकवताच कळलं होतं.

मग एक दिवस जिन्यातच दादाच्या पाठीत उसण भरली. दोघेही तिथेच पायरीवर बसून राहिले, एक विव्हळत आणि एक गप्प. पुतण्याने चौकशा करून बातमी आणली, की अशा माणसांसाठी सरकारने बैठी घरं बांधलीत, आणि सकाळ-संध्याकाळ मदतीला माणूसही मिळतो. दादाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "माझी पाठ बरी होईपर्यंतच हं," तो म्हणाला. धाकटा म्हणाला, "चालेल."

घर कसलं, दीड खोली. पण नवलाची! उंबरा नाही. दारं एवढी रुंद, की तिथेच मिळालेली चाकाची खुर्ची सुळकन आत. ओटा बुटका आणि खालून मोकळा, गुडघे आत जातील असा. दिव्याचं बटण तर अगदी हाताशी. पहिल्या संध्याकाळी त्याने दिवा लावला, घालवला, लावला, घालवला. शेजारचे विचारायला आले, वायरिंगमध्ये काही बिघाड आहे का म्हणून. हसू नका. हा माणूस आजवर दुसऱ्याने लावलेल्या दिव्याखालीच बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस ताई आली. आवाज खणखणीत आणि बोलणं सरळसोट. त्यांच्या कामाचा नियमच होता, की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही आणि माणसाच्या वतीने उत्तर द्यायचं नाही.

"काका, चहात साखर किती?"

धाकट्याने मागे वळून पाहिलं. ही कुणाला विचारतेय?

"तुम्हालाच विचारतेय. साखर किती?"

"चालेल."

"अहो, चालेल काय चालेल? किती घालू? तुम्हाला कसा आवडतो चहा?"

आता आली का पंचाईत! त्याला खरंच माहीत नव्हतं. वहिनी द्यायची तो चहा प्यायचा, संपला विषय. त्या दिवशी दुपारभर तो त्याच प्रश्नाशी बसून होता. मला काय आवडतं, हे मला माहीत नसेल तर मग कुणाला असणार?

आणि मग तो हात धुऊन त्या प्रश्नाच्या मागे लागला. शेजारी नवा भाडेकरू यावा आणि त्याच्या सवयी आपण खिडकीतून न्याहाळाव्यात, तसा तो स्वतःला न्याहाळू लागला. चहा बिनसाखरेचा करून पाहिला, तोंड वाकडं झालं. पाकासारखा गोड करून पाहिला, तोही नको. अर्धा चमचा घातला आणि, अरे वा, हा माझा! त्याला सकाळी उशिरापर्यंत लोळायला आवडतं, असं निघालं. रस्त्यापलीकडच्या गॅरेजच्या दारात खुर्ची लावून, मेकॅनिक इंजिन उघडतो ते बघायला तर फारच आवडतं. "हे काय करतं? आणि ते?" विचारून विचारून त्याने मेकॅनिकचं डोकं खाल्लं. आणि वांगं त्याला मुळीच आवडत नाही! वहिनी इतकी वर्षं "भावजींना वांगं फार आवडतं" म्हणून त्याच्या ताटात जास्तीचं वाढायची. कधीतरी तो "चालेल" म्हणाला असणार, दुसरं काय. हे कळलं तेव्हा तो एकटाच डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

पण घर अजून पक्कं त्याचं नव्हतं. सुरुवातीचे काही महिने जमतंय का बघायचं, मग अधिकारी बाई येऊन राहायचंय का ते विचारणार आणि शिक्कामोर्तब करणार. एकदा सोडलं की रांगेतला पुढचा उभाच. धाकट्याला राहायचं होतं. जीव तुटेल इतकं राहायचं होतं. आणि इकडे दादाची पाठ बरी झाली होती.

अधिकारी बाई आल्या त्या दिवशी दादाही आला. दारात टॅक्सी उभी करून, हातात रिकामी बॅग घेऊन.

"काका, तुमचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं. "इथे राहणार की घरी जाणार?"

"त्याला काय विचारायचंय त्यात?" दादा मध्येच म्हणाला. "काय रे, जाऊ या ना घरी?"

"चालेल."

गेलं तोंडातून! शिंक यावी तसं गेलं. बाईंनी पेनचं टोपण काढलं. ताई ओठ चावत त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिला बोलायची मुभा नव्हती. दादा कपाट उघडून एकेक शर्ट बॅगेत भरू लागला. धाकट्याने खुर्ची पुढे घेतली.

"नाही चालणार."

"काय म्हणालात?" बाईंनी मान वर केली.

"दादा, मला नाही चालणार. मी इथेच राहणार."

दादा हातात शर्ट घेऊन तसाच उभा राहिला. "माझं काय चुकलं रे?"

"काही नाही चुकलं. तू सगळं केलंस, दादा. सगळं तूच केलंस. माझ्यासाठी काहीच उरलं नाही बघ." धाकटा आता उघड उघड रडत होता. "आणि वांगं आवडत नाही मला. वहिनीला सांग. रागावू नकोस म्हणावं."

दादाने शर्ट पलंगावर ठेवला. "पाठ बरी झाली, सगळे म्हणतात," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "पण तू पाठीवर नसलास की सकाळी जिना उतरवत नाही मला." एवढं बोलून तो बाहेर गेला. दार नुसतं लोटलेलं राहिलं.

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि धाकट्याची सही घेतली. तो खिडकीतून बघत होता. टॅक्सी निघून गेली, दादा मात्र फाटकापाशी पाठमोरा उभाच होता. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो परत वळला. दारापर्यंत आला. दार ढकलायला त्याने हात पुढे केला, आणि तो हात तसाच थांबला.

मग बेल वाजली.

ताई उठली. "बसा तुम्ही," धाकटा खुर्ची वळवत म्हणाला. "मी उघडतो. दादा माझ्याकडे आलाय."