फोटो बघून पुस्तकं घेणाऱ्या बाई

आमगावातल्या माझ्या रद्दीच्या दुकानात सालेकशाकडच्या शाळेतल्या एक बाई येतात. परदेशी पुस्तकांच्या ढिगापाशी मांडी घालून बसतात आणि मागचा फोटो बघून अमेरिकेतल्या काळ्या लेखक-चित्रकारांची बालपुस्तकंच उचलतात. भाव करत नाहीत, याचाच मला राग येतो; घासाघीस झाल्याशिवाय विकण्यात मजा नाही.

“एवढा खटाटोप कायले, मॅडम?” मी विचारलं.

“पोरं चित्रात सोताले गुलाबी रंगवून राहिले, भाऊ. मंगळवारी शाळेत या लेखकाईची पुस्तकं वाचाचा सोहळा आहे. तुमीबी या. पुस्तकवाला काळा माणूस पोराईले समोर दिसला पाहिजे.”

बाजारानं मला ‘काळ्या’ म्हणून मारलेल्या हाका मी विसरलेलो नाही. दुसरं कोणी असतं तर तराजूच भिरकावला असता. बाई मात्र उत्तरासाठी माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

मंगळवारी दुकान बंद ठेवून मी सालेकशाची गाडी पकडली.